रोहिणीचा कॉम्प्युटर

मामाच्या घरात प्रत्येक हत्याराला एक माणूस ठरलेला होता. लातूरला राहायला जाऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता, तेव्हाच मामीनं हे मला ऐकवलं. तेही मी तिच्या शिलाई मशीनच्या चाकाला नुसता हात लावला म्हणून. "खंडेनवमीला ज्यानं ज्याची पूजा केली, वरीसभर ते त्याचं," ती म्हणाली. "दुसऱ्यानं इचारल्याबगर हात लावायचा न्हाई. मामासुद्धा लावत न्हाईत." तागडी आणि मापं मामाची, मशीन मामीचं, गोदामाचं कुलूप आणि पोती ओढायचे आकडे हमालाचे. दुकानात मामाच्या तागडीला धक्का लागला म्हणून त्यांनी एका चांगल्या गिऱ्हाइकाला हाकलून दिलेलं मी पाहिलं आहे. इतर घरांत त्या दिवशी हत्यारांना हळदीकुंकू वाहतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. इथं तो वर्षाचा करार होता. मला तो नियम फार आवडला. आमच्या मुदखेडच्या घरात कुठलीच गोष्ट कुणा एकाची नव्हती, त्यामुळे माझी म्हणावी अशी एकही नव्हती.

मुदखेडला वडिलांची पिठाची गिरणी होती. दहावीला मला बरे मार्क पडले, आणि त्या काळी मराठवाड्यात ज्याचं पोर जरा बरं निघे तो त्याला शिकायला लातूरला धाडे. आईनं भावाला निरोप दिला आणि मी ट्रंक घेऊन गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत येऊन पोचले. पुढं भुसाराचं दुकान, मागं घर. सकाळी मामा आंघोळ करून कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बसायचे, तोवर दुकानात तुरीची चाळणी सुरू व्हायची. तिचा आवाज आणि डाळीची पिवळी धूळ घरभर पसरायची. पांघरुणात, वह्यांत, पाण्याच्या हंड्यावरच्या फडक्यावर, सगळीकडे. नळाला पाणी यायचं त्या दिवशी सगळं घर भांडी भरत धावायचं. नाश्त्याला बहुतेक सुशीला असायचा, चुरमुरे भिजवून भरपूर शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून केलेला. तसा सुशीला मी पुन्हा कुठं खाल्ला नाही, आणि हे मला कबूल करावं लागतं याचा अजूनही राग येतो.

मामाला एकच मुलगी. रोहिणी माझ्याहून काही महिन्यांनी लहान, म्हणून मला सुमाक्का म्हणायची. आमचा वर्ग एकच, बाक एकच, दोघींना मामीनं शिवलेले ड्रेस एकाच ताग्यातले. मामी मोठी न्यायी बाई. माझ्या ताटात भाकरीवर जेवढं तूप, तेवढंच रोहिणीच्या. पण माझ्या ताटात वाढताना तिची नजर आधी रोहिणीच्या ताटाकडे जायची. रोहिणीला वाढताना ती कुठंच बघत नसे. हा फरक जेवणाऱ्यालाच कळतो. रोहिणीला तो ठाऊकही नव्हता. केसाला रिबीन बांधत, अर्धं लक्ष देऊन ती धडा वाचायची आणि तिला तो यायचा. मी पाठांतर करून डोळे सुजवायचे आणि मला तिच्याहून थोडे कमी पडायचे. ती दुष्ट असती तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. ती कधी वाईट बोलली नाही, मी मागितल्यावर स्वतःची कुठलीही वस्तू तिनं दिली नाही असं झालं नाही. पण मागावं लागायचं.

आणि तिच्याकडे कॉम्प्युटर होता. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. दहावीच्या निकालावर मामांनी तो घेतला आणि मधल्या खोलीत खास टेबलावर बसवला. मामीनं त्याला क्रोशाची झालर असलेलं झाकण विणलं. नव्या वस्तूवर डाळीची धूळ बसू नये म्हणून मशीन चालू असतानाही मागच्या बाजूनं ते झाकण ओढून ठेवायचे. हात लावला तर डबा तव्यासारखा तापलेला असायचा. कुणी पाहुणे आले की रोहिणी तो सुरू करून दाखवायची. मी मागं उभी राहून बघायची. मला कॉम्प्युटर हवा होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खरं सांगायचं तर मला रोहिणीचा कॉम्प्युटर हवा होता. दुसरा कुणी तसाच आणून माझ्यासमोर ठेवला असता, तर त्या वयात मी तो घेतला असता आणि पुन्हा रोहिणीच्याकडेच बघत बसले असते.

काही महिन्यांतच तो मशीन बसला. बसला म्हणजे बंद पडला नाही, पण बटण दाबल्यावर चहा ठेवायचा, चहा गाळायचा, प्यायचा, मग कुठं पडद्यावर चित्र यायचं. रोहिणीनं सगळ्या मैत्रिणींच्या सीड्या त्यात ओतल्या होत्या. गाणी, खेळ, नट्यांचे फोटो, ज्ञानकोश, घड्याळं, पडद्यावर पोहणारे मासे. काही उघडायला गेलं की एक पाटी यायची, मेमरी अपुरी आहे म्हणून, आणि सगळं गोठून जायचं. ज्या माणसानं तो विकला होता तो एकदा येऊन गेला, झाकण उचलून आत फुंकर मारली आणि म्हणाला, "मेमरी वाढवा. नवीन पट्टी टाकावी लागंल." मामा नवीन काही टाकायचं म्हटलं की दाढी खाजवायचे. "दिवाळी होऊ द्या," म्हणाले. मामी म्हणाली, "दिष्ट लागली. येणारा-जाणारा डोळे फाडून बघतोय." आणि मिरच्या-मीठ ओवाळून टाकलं. ते ओवाळताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला कळायचं ते कळलं.

आमच्या गिरणीत पट्टा घसरला की जात्याचा आवाज बदलायचा, आणि मी स्क्रू काढायला धावले की वडील मला मागं ओढायचे. "आधी ऐक. काय खाऊन राहिलीय ते बघ, मग हात घाल." म्हणून मी त्या डब्याला कान लावला. आतून सारखी किरकिर, घासल्यासारखी, आणि पुढचा लाल दिवा विझायचाच नाही, आपण काही करत नसलो तरी. म्हणजे आत कुणीतरी सारखं ओझं इकडून तिकडं नेत होतं. दुपारी रोहिणी झोपायची किंवा शिकवणीला जायची, तेव्हा मी तिला विचारून बसायची. विचारूनच, हे मी मुद्दाम लिहिते. मशीनमध्येच मदतीची पानं असतात. ती इंग्रजीत होती आणि माझं इंग्रजी मुदखेडचं. मांडीवर शब्दकोश उघडा ठेवून एकेक ओळ लावायची. एक पान उघडायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात मागच्या पानावरचे शब्द पाठ होत. असे कितीतरी दिवस गेले. आज माझ्या नांदेडच्या दुकानात पोरं मोबाइलवर बोट फिरवून अर्ध्या मिनिटात उपाय शोधतात आणि वर मला सांगतात की मॅडम, सोपं आहे. मी त्यांना काही बोलत नाही. जुने कॉम्प्युटर गठ्ठ्यानं विकत घेणारी आणि घासाघीस करून समोरच्याला घाम फोडणारी बाई म्हणून बाजारात माझं नाव आहे. ते नाव कुठं कमावलं हे त्यांना सांगून काय करायचं.

एके दिवशी मला ते उमगलं, आणि मी तडक दुकानात गेले. मामा तागडीपाशी बसले होते, गिऱ्हाईक नव्हतं.

"मामा, नवीन पट्टी न टाकता मी तो मशीन चालता करते."

"तू?" मामा हसले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमच्या ह्या फरशीवर किती पोती मावतात?"

"कामून?"

"सांगा तर."

"मावतील तेवढी मावतील. जास्तीची गोदामात."

"आन गोदाम छतापर्यंत भरलं आसंल तर?"

"तर हमाल पोतं पाठीवर घेऊन हुबा ऱ्हाईल माझ्या नावानं बोंबलत."

"तेच चाललंय आत. मेमरी म्हणजे ही फरशी. ती लहानच हाय. जास्तीचा माल ठिवायला डिस्कवर एक कोपरा लागतो. तुमच्या विकणाऱ्यानं तो कोपरा दिलाय सी नावाच्या भरलेल्या गोदामात, आन तोबी एवढासा. शेजारचं गोदाम रिकामं पडलंय. डी नावाचं. कुणी उघडूनबी बघितलं न्हाई."

मामांनी हातातला डाळीचा दाणा तोंडात टाकला आणि चावत माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. व्यापारी माणसाला गोदामाची भाषा कळायला वेळ लागत नाही.

"मग कर की. कुणी धरलंय?"

"फुकट न्हाई."

"अगं, मामाच्या घरी राहून फुकट न्हाई म्हणतीस?"

"मशीन चालला तर खंडेनवमीला त्याची पूजा मी करणार."

मामा चावायचे थांबले. मी काय मागितलं हे त्या घरात समजावून सांगायची गरज नव्हती. पैसा नको होता, ड्रेस नको होता. वर्षभर त्या टेबलापाशी बसायला मला कुणाला विचारायचं नव्हतं, आणि रोहिणीनं मला विचारायला हवं होतं.

"लई पुढची हायस," मामा म्हणाले. "बापावर न्हाई गेलीस."

"जबान द्या."

"दिली की."

"तशी न्हाई. तागडीवर हात ठिवून."

तागडीवर हात ठेवून मामा खोटं बोलत नाहीत हे बाजाराला माहीत होतं. त्यांनी रिकाम्या पारड्याच्या साखळीला हात लावला. पारडं जरा हललं. "चालला तर तुझी पूजा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसले. आधी मामीचं क्रोशाचं झाकण मागून काढून घडी करून बाजूला ठेवलं. मासे काढले, घड्याळं काढली, मशीन सुरू होताच आपोआप जागी होणारी फालतू मंडळी एकेक करून झोपवली. रोहिणीची गाणी सीमधून डीमध्ये हलवली. एकही पुसलं नाही. मग पडद्यावर मेमरीची खिडकी उघडली. तिथं एक धमकी लिहिलेली असते, की हे ज्याला समजतं त्यानंच बदलावं. ती मी शब्दकोश घेऊन पुन्हा एकदा लावली, कारण बिघडलं असतं तर मला त्याच दिवशी मुदखेडची गाडी धरावी लागली असती. कोपऱ्याची जागा सीवरून काढून डीवर नेली. कमीत कमी आणि जास्तीत जास्त, असे दोन आकडे भरायचे असतात. ते वेगळे ठेवले की मशीन सारखा कोपरा लहानमोठा करत बसतो, म्हणून मी दोन्ही सारखेच ठेवले. हे मात्र त्या पानांत नव्हतं. हे मी आवाज ऐकून ऐकून स्वतः काढलेलं होतं. जुने आकडे तेवढे डोक्यात धरून ठेवले, बिघडलं तर परत भरता यावेत म्हणून. रोहिणी माझ्या मागं उभी राहून वेणी घालत होती, रिबीन दातांत धरून. "झालं का गं, सुमाक्का?" तिनं रिबिनीतूनच विचारलं. तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं असं मला वाटलं.

मशीन बंद करून सुरू केला. मी चहा ठेवायला उठलेच नाही. लाल दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला आणि विझला. किरकिर थांबली. चाळणीचा आवाज पुढून ऐकू आला, इतकी खोली शांत झाली. पडदा उजळून तयार होता. मामा धोतराला हात पुसत आले, स्वतः एक गाणं लावायला लावलं, ते लगेच लागलं, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या वडिलांनी कधी ठेवला नव्हता.

त्यानंतर घट बसले. घरात कडकण्यांचा वास, पहाटे तुळजापूरला अनवाणी निघालेल्यांचे आवाज रस्त्यावरून. मी मनात सारखी पूजा करत होते. झेंडूची माळ कशी घालायची, नारळ कुठं ठेवायचा, कुंकवाचं बोट पडद्याला न लावता चौकटीलाच कसं लावायचं, सगळं ठरलेलं. रोहिणीनं मशीनला हात लावला की मी दिवस मोजायची. तिला हे कुणी सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी सांगितलं नव्हतं. मला तिचा चेहरा त्याच दिवशी बघायचा होता.

खंडेनवमीला सकाळी मामांनी तागडी उतरवून धुतली, मापं चकचकीत केली. मामीचं मशीन मधल्या खोलीत आणून कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवलं. मी नवा ड्रेस घालून, केस धुऊन उभी होते. मामांनी तागडीची पूजा केली, हमालानं आकड्यांची, मामीनं मशीनची. मग मामांनी ताट उचललं आणि रोहिणीच्या हातात दिलं.

"मामा," मी म्हणाले.

"हं?"

"काय ठरलं होतं?"

"अगं, पोरी, कुणी केली तरी पूजाच की. देवाला काय."

"देवाचं न्हाई इचारलं मी. तुमचं इचारलं."

मामी मधे पडली. "वस्तू घरची हाय सुमे, घरच्या पोरीनं करावी. तू पाहुणी. आज हायस, उद्या बारावी झाली की जाशील. तुला वापरायला कुणी ना म्हणलं का?"

"तागडीवर हात ठिवला होता मामांनी."

हमालानं मामांकडे पाहिलं. मामांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली झाली होती. "पोरीशी केलेल्या थट्टेला सौदा म्हणतात का कुठं?" ते म्हणाले, आणि हसायला बघितलं.

"माझं काय न्हाई," रोहिणी म्हणाली. "सुमाक्कालाच करू द्या की." पण ताट तिच्या हातात होतं आणि तिनं ते पुढं केलं नाही. कदाचित तिला सुचलं नसेल. तिला कधी काही पुढं करावं लागलंच नव्हतं.

माझा राग तेव्हाही असाच होता, आता आहे तसा. डोकं तापतं आणि हात एकदम शांत होतात. मी खुर्ची ओढली आणि बटण दाबलं. "काय करून राहिलीस?" मामा म्हणाले. मी त्या खिडकीत गेले. डीवरचा कोपरा काढला, सीवर नेला, दोन्ही जुने आकडे जसेच्या तसे भरले. झोपवलेली मंडळी उठवली. मासे सोडले. गाणी परत सीत ओतली. त्याला वेळ लागला. उदबत्ती जळून राख ताटात पडली. शेवटी घडी घातलेलं झाकण उलगडून मागच्या बाजूनं ओढून बसवलं, झालर सरळ केली. मशीन पुन्हा सुरू केला. लाल दिवा पेटला आणि विझेना.

"सौदा मोडला, मामा," मी म्हणाले. "माल जसा मिळाला तसा परत. करा आता घरच्यांनी पूजा."

मला कुणी विचारलं की चुकलं का, तर मी नाही म्हणते. आजही कुणी शब्द फिरवला तर मी हेच करीन. मामांनी पुढं कितीतरी वर्षांनी, अंथरुणाला खिळलेले असताना, माझा हात धरून "तू खरी बाजारातली निघालीस" असं म्हटलं, आणि त्यांच्यापुरता माझा हिशेब तिथं मिटला. माझं जे मिटलेलं नाही ते वेगळं आहे.

मी आतल्या खोलीत जाऊन ट्रंक भरायला घेतली. मुदखेडहून रेल्वेनं रोज नांदेडला जाऊन बारावी करता येईल, असं तोवर ठरवूनही टाकलं होतं. बाहेर मामी काहीतरी बोलत होती, मामा दुकानात निघून गेले होते. मी कान मधल्या खोलीकडे लावून बसले होते. ती किरकिर मला ऐकायची होती. त्या घराला ती दिवाळीपर्यंत, नवीन पट्टी येईपर्यंत ऐकायला लागणार, हे माझं समाधान होतं. किरकिर चालू होती. मी ड्रेसच्या घड्या घातल्या, पुस्तकं लावली. मग ती थांबली. मशीन बंद केल्याचा आवाज आला, सुरू केल्याचा आला, आणि मशीन सुरू होताना वाजायची ती छोटी धून, जी ऐकायला सगळा चहा संपवावा लागायचा, ती मी शेवटचं पुस्तक ट्रंकेत ठेवायच्या आत वाजली. त्यामागून घंटी वाजली. पूजा झाली.

रोहिणी आत आली. कपाळाला कुंकू, हातात माझ्यासाठी कडकणी. माझ्याजवळ फरशीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, जिंकल्याचंही काही नव्हतं. मी शोधलं होतं, म्हणून सांगते.

"सुमाक्का, तू जाऊ नकोस ना. मी पुन्हा नीट केलं ते. त्या दिवशी तू करताना बघितलं होतं. कोपरा डीवर, आन दोन्ही आकडे सारखे." कडकणी तिनं माझ्या हातात ठेवली. "इतकंच होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "इतकंच."

ट्रंकेची कडी लावून मी गल्लीच्या तोंडाशी आले. रिक्षावाल्यानं स्टँडचे जेवढे सांगितले तेवढे मी दिले. आयुष्यात तसं ते एकदाच.